चिकटवण्याआधी

चि. सोनूस,


बालवाडीत चिकटकामासाठी तू मोराचे चाळीस आराखडे काढून ठेवलेस, असं ताई फोनवर सांगत होती. मेहनत खरी; पण बाळा, ते बाजूला ठेव. रेघेच्या आत निळे कपटे भरले की चाळीस मोर होतील, आणि चाळीसही तुझेच असतील.

मुलांना कोरा कागद दे. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, शिंप्याकडच्या चिंध्या, वाळकी पानं मधोमध मांड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, शंख-शिंपले, खडे अशा आसपासच्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली. गुंजा मात्र नकोत, त्या विषारी असतात. आणि लहानग्यांच्या हाती बारीक बियाही नकोत, नाकात जातात. खळ मैद्याची, रोज ताजी शिजव. टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती मुलांच्या खळीला चालणार नाही. कात्रीची घाई करू नकोस. चिमटीनं कागद फाडता फाडता बोटांत बळ येतं.

आणि खळ सर्वांत शेवटी दे. आधी तुकडे ठेवून पाहू दे, सरकवू दे, उलटे करू दे. ज्याला चित्र ‘येत नाही’, त्यालाही हे जमतं, कारण इथे चुकलेला तुकडा नुसता उचलायचा असतो. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस हा फ्रेंच चित्रकार रंगवलेले कागद कापून चित्रं करू लागला, तेव्हा तोही कपटे टाचण्यांनी भिंतीवर लावून त्यांच्या जागा बदलत राही. मूल स्वतः ठरवायला शिकतं ते या मांडामांडीत.

माझी एक चूक सांगते. एका मुलीनं सगळे तुकडे कडेला दाटीनं मांडले होते. मी तिचा हात धरून एक तुकडा मध्ये आणला. तिनं तो पुन्हा कडेला नेला आणि हळूच म्हणाली, “मधे बाबा झोपलेत. रात्रपाळी आहे त्यांना.” मला रिकामी दिसलेली जागा तिनं बाबांसाठी राखली होती.

तेव्हापासून मी “हे काय काढलंस?” असं विचारणं सोडलं. शेजारी बसून “मला सांग ना याच्याबद्दल” एवढंच म्हणायचे आणि मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदामागे लिहून ठेवायचे. तूही लिहीत जा. आई-बाबा न्यायला आले की आधी ती मागची बाजू वाचून दाखव.

तुझी,
मावशी