आधी ऐकणे, मग नेतृत्व : ख्रिस्ती युवक-सेवाकार्याकडे वळणाऱ्यांसाठी

नागपूरच्या रामदासपेठेसारख्या रुग्णालयांनी आणि शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या वस्तीत बारावीनंतरच्या वाटांची चर्चा बहुधा प्रवेशपरीक्षांच्या गुणांपाशीच थांबते. त्यामुळे घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा युवक-सेवाकार्यात आयुष्य घालवण्याची इच्छा बोलून दाखवतो, तेव्हा पालकांच्या मनात उत्पन्नाची, विवाहाची आणि समाजातील स्थानाची धास्ती उभी राहणे स्वाभाविक आहे. मंडळी म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाज; त्यातील किशोरवयीन व तरुण सभासदांचे बायबल-अध्ययन, उपासनेतील सहभाग, शिबिरे, खेळ आणि अडचणीच्या काळातील सोबत यांची जबाबदारी घेणे, असा युवक-सेवाकार्याचा अर्थ आहे. हे काम पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवकच करतात, पूर्णवेळ पगारी पदे मोजकी असतात आणि मानधन बेताचे असते, ही वस्तुस्थिती पालकांपासून लपवणे कोणाच्याच हिताचे नाही.

म्हणूनच पदवी अर्धवट सोडून या कामात उडी घेण्याचा सल्ला चुकीचा ठरतो. पाळक होण्याच्या दृष्टीने धर्मशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ‘बी.डी.’ ही पदवी महत्त्वाची असून तिची मान्यता बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयाच्या सीनेटशी जोडलेली आहे. हे महाविद्यालय 1818 मध्ये स्थापन झाले आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. विदर्भातील वाचकांना जवळची वाटावी अशी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळ येथे होती व 1983 मध्ये ती पुण्यास गेली. ज्यांचा कल उपदेशापेक्षा वस्तीतील प्रत्यक्ष कामाकडे आहे, त्यांच्यासाठी समाजकार्याची पदवी अधिक उपयोगी ठरते, आणि या दोन क्षेत्रांचे नाते जुने आहे : मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी चालवलेल्या वस्तीकेंद्राच्या अनुभवातूनच 1936 मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पाया घातला गेला आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले.

नव्या नेत्याच्या घडणीचा सर्वांत मोलाचा धडा मात्र नागपूरच्याच इतिहासात आहे. स्कॉटलंडहून 1845 मध्ये येथे आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली, पुढल्याच वर्षी शाळा काढली, या भागातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला आणि गोंड समाजाची गीते व परंपरा ऐकून त्यांची टिपणे केली. 1863 मध्ये त्यांच्या अकाली निधनानंतर ही टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये प्रसिद्ध केली, तर त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 पासून उभे आहे. त्या काळातील मिशनरी दृष्टिकोनाचे सगळेच आज स्वीकारता येणार नाही. परंतु ज्या लोकांमध्ये काम करायचे, त्यांची भाषा, भूमी आणि दुःखे आधी जाणून घ्यायची, ही त्यांची शिस्त आजच्या युवक-नेत्यालाही लागू पडते. पहिल्याच महिन्यात नवा कार्यक्रम जाहीर करणारा तरुण नेता बहुधा आधीच्यांचे श्रम पुसून टाकतो. याउलट पहिले वर्ष घरोघरी जाऊन ऐकण्यात, कोण का येईनासे झाले हे समजून घेण्यात आणि जुन्या वह्या वाचण्यात घालवणारा नेता पुढे टिकतो.

ऐकण्याची ही गरज नागपुरात अधिकच आहे, कारण 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात सहा मंडळी-परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. आजही एकाच युवक संघात निरनिराळ्या रीतींमध्ये वाढलेल्या घरांतील मुले असू शकतात, शिवाय घरी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी. तेव्हा प्रार्थनेची आणि गाण्यांची भाषा कोणती असावी, हा प्रश्न वरवर साधा दिसला तरी कोणाला आपलेपणा वाटेल आणि कोणाला परकेपणा, हे तोच ठरवतो.

याखेरीज दोन व्यावहारिक बाबींत हयगय चालत नाही. शिबिराची वर्गणी आणि खर्च यांचा हिशेब दोन व्यक्तींच्या सहीने ठेवावा. दुसरी बाब अधिक गंभीर आहे : अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि मंडळीची अब्रू जपण्यासाठी प्रकरण आपापसात मिटवण्याचा आग्रह कितीही वडीलधाऱ्या व्यक्तीने केला तरी नेत्याने तो मानता कामा नये. एकट्या मुलाशी बंद खोलीत समुपदेशन न करणे आणि मुक्कामी शिबिरासाठी पालकांची लेखी संमती घेणे, या सवयी मुलाला सुरक्षित ठेवतात आणि नेत्यालाही.

मूल या वाटेवर ठाम असेल, तर पालकांनी पाळकांना भेटून मानधन किती, ते कोण देणार, आठवड्याची सुट्टी कोणती, परीक्षेच्या दिवसांत काम कोण सांभाळणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे थेट विचारावे. ज्या मंडळीत या प्रश्नांची उत्तरे लिहून मिळतात, तेथे पदवीच्या अभ्यासाबरोबर एक वर्ष स्वयंसेवक म्हणून काम करू द्यायला हरकत नाही.