विमानतळ शुल्काचा हिशेब : दिल्लीच्या अनुभवातून एक अभ्यास

विमानाच्या तिकिटावर मूळ भाड्याखाली काही छोट्या रकमा छापलेल्या असतात. त्यांतील ‘यूडीएफ’ म्हणजेच वापरकर्ता विकास शुल्क ही रक्कम विमान कंपनीची नसते. कंपनी ती प्रवाशाकडून गोळा करून विमानतळ चालविणाऱ्या संस्थेकडे भरते. दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून देशांतर्गत प्रवास करणाऱ्यास २०१२ नंतर हे शुल्क काही शे रुपये पडत असे. जुलै २०१७ मध्ये ते एकदम १० रुपयांवर आले. १६ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ते निघताना १२९ रुपये आणि उतरताना ५६ रुपये असे ठरले. विमानतळ तोच, धावपट्ट्याही बहुतांशी त्याच. मग दरात एवढे चढउतार का व्हावेत? या प्रश्नाच्या निमित्ताने विमानतळ शुल्क कसे ठरते, हे समजावून घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियामकाची गरज

विमानतळ ही स्वभावतः मक्तेदारी आहे. किराणा मालाचे दुकान महाग वाटले, तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. परंतु दिल्लीला जावयाचे असेल तर दिल्लीच्याच विमानतळावर उतरावे लागते. जोवर विमानतळ सरकारच्या हाती होते, तोवर दर सरकारच ठरवीत असे. ४ एप्रिल २००६ रोजी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने दिल्लीचा विमानतळ चालविण्याचा करार जीएमआर समूहाच्या नेतृत्वाखालील ‘डायल’ या कंपनीशी केला. त्याच सुमारास मुंबईचा विमानतळही खासगी व्यवस्थापनाकडे गेला. दोन्ही ठिकाणी प्राधिकरणाने २६ टक्के हिस्सा आपल्याकडे राखला. आता दर ठरविणारा त्रयस्थ पंच आवश्यक झाला. त्यासाठी २००८ मध्ये कायदा झाला आणि २००९ मध्ये भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजेच ‘एरा’, अस्तित्वात आले. विमानतळ प्राधिकरण आणि नियामक प्राधिकरण या दोन निराळ्या संस्था आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एराच्या कक्षेत केवळ प्रमुख विमानतळ येतात. सुरुवातीला वर्षाला १५ लाख प्रवाशांची मर्यादा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती ३५ लाखांवर नेण्यात आली. तिकिटावरील प्रत्येक रक्कमही एरा ठरवीत नाही. विमान सुरक्षा शुल्क केंद्र सरकार ठरविते, तर वस्तू व सेवा कर हा स्वतंत्र विषय आहे. एरा ठरविते ते विमान उतरविण्याचे आणि उभे करून ठेवण्याचे शुल्क, जे विमान कंपनी भरते, आणि प्रवाशाने भरावयाचे वापरकर्ता विकास शुल्क. उतरण्याचे शुल्क विमानाच्या वजनावर अवलंबून असते. ते विमान कंपनी भरत असली तरी अंतिमतः भाड्याच्या रूपाने त्याचा भार प्रवाशावरच येतो.

दर ठरविण्याचे सूत्र

बँकेच्या परिवारातील वाचकांना हे सूत्र अवघड वाटू नये. नियामक प्रथम विमानतळाला वर्षाला किती उत्पन्न मिळणे वाजवी आहे, ते ठरवितो. त्यात चार गोष्टींची बेरीज असते : विमानसेवेसाठी वापरलेल्या मालमत्तेवरील वाजवी परतावा, चालविण्याचा खर्च, घसारा आणि कर. या बेरजेतून इतर उत्पन्नाचा ठरावीक भाग वजा केला जातो. उरलेली रक्कम अपेक्षित प्रवासीसंख्येने भागली की प्रति प्रवासी सरासरी उत्पन्न मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विमानतळाची मालमत्ता १,००० कोटी रुपयांची आहे. तीवर १० टक्के परतावा म्हणजे १०० कोटी. चालविण्याचा खर्च ६० कोटी, घसारा ४० कोटी आणि कर २० कोटी. एकूण २२० कोटी. दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती यांपासून मिळणारे उत्पन्न १०० कोटी. त्यातील ३० टक्के, म्हणजे ३० कोटी, वजा केले तर १९० कोटी उरतात. वर्षाला एक कोटी प्रवासी येत असतील तर प्रत्येकामागे १९० रुपये पडतात. प्रवासी सव्वा कोटी झाले तर हाच आकडा १५२ रुपयांवर येतो. प्रवासीसंख्येच्या अंदाजाला किती महत्त्व आहे, हे यावरून कळून येईल.

एक गल्ला की दोन?

वरील उदाहरणातील ३० टक्क्यांचा मुद्दा जगभर वादाचा आहे. विमानतळाच्या दुकानांतून मिळणारा पैसा आणि विमानसेवेचा पैसा एकाच गल्ल्यात धरावा की दोन वेगळ्या गल्ल्यांत? विमान कंपन्या म्हणतात, दुकानांत येणारे गिऱ्हाईक आमच्यामुळेच येते, म्हणून सर्व उत्पन्न एकाच गल्ल्यात धरून शुल्क कमी करा. लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी हीच पद्धत वापरली जाते. विमानतळ चालक म्हणतात, तसे केले तर दुकाने चांगली चालविण्यात आम्हाला रस उरणार नाही. दिल्ली आणि मुंबईच्या २००६ च्या करारांत मधला मार्ग निवडण्यात आला : इतर उत्पन्नाचा ३० टक्के भाग शुल्क कमी करण्यासाठी वापरावयाचा. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने हाच मिश्र गल्ला देशासाठी स्वीकारला.

करारातील आणखी एक तरतूद प्रवाशांच्या हिताची आहे. डायल आपल्या एकूण उत्पन्नातील ४५.९९ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देते; मुंबईसाठी हा वाटा ३८.७ टक्के ठरला होता. हा वाटा खर्च म्हणून दाखवून शुल्कात मिळविता येत नाही. निविदा जिंकण्यासाठी देऊ केलेली रक्कम प्रवाशाच्या माथी मारता येऊ नये, हा त्यामागचा विचार होय. राजधानी परिसरातील जेवर येथील नोएडा विमानतळाची निविदा २०१९ मध्ये निराळ्या निकषावर ठरली. तेथे उत्पन्नातील वाट्याऐवजी प्रति प्रवासी रक्कम मागविली गेली आणि झुरिच विमानतळ कंपनीने ४००.९७ रुपयांची बोली लावून निविदा जिंकली.

विकास शुल्काचा धडा

दिल्लीचे तिसरे टर्मिनल राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या आधी, जुलै २०१० मध्ये खुले झाले. कर्ज आणि भांडवल मिळूनही निधी अपुरा पडत होता. म्हणून १ मार्च २००९ पासून प्रत्येक निघणाऱ्या प्रवाशाकडून विकास शुल्क घेण्यात येऊ लागले : देशांतर्गत प्रवासासाठी २०० रुपये, आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १,३०० रुपये. ही वसुली मंत्रालयाच्या पत्राच्या आधारे चालली होती. एका ग्राहक संस्थेने तिला आव्हान दिले. २६ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायद्याला धरून नसल्याचा निर्णय दिला. दर ठरविण्याचा अधिकार नियामकाचा आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. पुढे एराने रीतसर सुनावणी घेऊन सुमारे ३,४१५ कोटी रुपयांच्या विकास शुल्कास मान्यता दिली.

येथे हिशेबाचा एक बारकावा आहे. विकास शुल्कातून उभी राहिलेली मालमत्ता परताव्याच्या हिशेबात धरली जात नाही. जी इमारत प्रवाशांच्या पैशांतून बांधली, तीवर प्रवाशांकडूनच पुन्हा परतावा घेणे अन्यायाचे ठरले असते. अशाच स्वरूपाचा प्रश्न ठेवींबाबत निर्माण झाला. विमानतळालगतच्या जमिनीवर हॉटेले उभारणाऱ्यांकडून डायलने घेतलेल्या सुमारे १,४७१ कोटी रुपयांच्या बिनव्याजी ठेवी टर्मिनलच्या कामी लागल्या. ज्या पैशावर व्याज द्यावे लागत नाही, त्यावर परतावा द्यावा काय? एराने २०१२ मध्ये त्यांचा भांडवली खर्च शून्य धरला, तर भागभांडवलावर १६ टक्के परतावा मान्य केला. ठेवींच्या मुद्द्यावर पुढे अपिले झाली. पैसा कोठून आला यावर त्याची किंमत ठरते, हा बँकिंगमधील पहिला पाठ येथेही लागू पडतो.

विलंबाची किंमत

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शुल्क पाच वर्षांच्या नियंत्रण कालावधीसाठी ठरते. दिल्लीचा पहिला कालावधी १ एप्रिल २००९ ते ३१ मार्च २०१४ असा होता. पण त्याचा आदेश निघाला एप्रिल २०१२ मध्ये. डायलने ७७४ टक्के वाढ मागितली होती, एराने ३४५.९२ टक्के मंजूर केली. आकडा डोळे दिपविणारा आहे, परंतु त्याचे कारण केवळ टर्मिनलचा खर्च नव्हे. पाच वर्षांचे येणे उरलेल्या सुमारे दोन वर्षांत वसूल करावयाचे होते.

आपल्या काल्पनिक विमानतळाचा दर आधी ७० रुपये होता, असे समजू. वेळेवर आदेश निघाला असता तर तो १९० रुपये झाला असता. पाच वर्षांची गरज ९५० कोटींची आहे. आदेश तीन वर्षे उशिरा आला आणि तोवर जुन्या दराने २१० कोटीच मिळाले. उरलेले ७४० कोटी दोन वर्षांत, म्हणजे वर्षाला ३७० कोटी, गोळा करावे लागतील. व्याज सोडून दिले तरी दर १९० ऐवजी ३७० रुपये होईल.

पुढील कालावधी सुरू झाल्यावरही हाच ३७० रुपयांचा दर आणखी तीन वर्षे राहिला, तर १,११० कोटी जमा होतील. गरज मात्र पूर्ण पाच वर्षांची ९५० कोटीच आहे. म्हणजे उरलेल्या दोन वर्षांत दर शून्यावर आणूनही १६० कोटी परत करावयाचे राहतात. दिल्लीत नेमके या धर्तीवर घडले. ८ डिसेंबर २०१५ च्या आदेशाने एराने दुसऱ्या कालावधीसाठी शुल्कात ८९.४० टक्के कपात केली. न्यायालयीन वादांमुळे ती ७ जुलै २०१७ रोजी अमलात आली. तेव्हा देशांतर्गत प्रवाशाचे शुल्क १० रुपयांवर आले.

या व्यवहारात पैसा हरविला नाही. मागील कालावधीतील कमी-अधिक वसुली पुढील कालावधीत जुळवून घेतली जाते. पण भरणारी माणसे बदलली. २००९ ते २०१२ मधील प्रवाशाने कमी भरले. त्याची भरपाई २०१२ ते २०१७ मधील प्रवाशाने केली. आणि या दुसऱ्या प्रवाशाने जास्त भरल्याचा लाभ तिसऱ्यालाच मिळाला. बँकेत थकबाकी आणि जादा भरणा ज्याच्या त्याच्या खात्यावर लिहिला जातो. विमानतळाच्या प्रवाशाचे असे खाते नसते. म्हणून येथे उशीर हीच एक किंमत आहे, आणि ती ज्याचा दोष नाही त्याला भरावी लागते.

त्यानंतरची वाटचाल

दर अतिशय खाली गेला तर विमानतळाची कर्जफेड अडचणीत येते. २००६ च्या करारात मूळ दर आणि त्यावर १० टक्के एवढ्या किमान उत्पन्नाची तरतूद होती. तिच्या आधारे डिसेंबर २०१८ पासून डायलला किमान दर आकारण्याची मुभा मिळाली. नंतर महामारी आली. दिल्लीची प्रवासीसंख्या २०१९-२० मधील सुमारे ६.७ कोटींवरून २०२०-२१ मध्ये सुमारे २.३ कोटींवर घसरली. नवी बांधकामे मात्र सुरूच होती : चौथी धावपट्टी, उंचावरील टॅक्सी-मार्ग आणि विस्तारित पहिले टर्मिनल. चौथ्या कालावधीसाठी, म्हणजे २०२४ ते २०२९ साठी, एराने मार्च २०२५ मध्ये आदेश काढला. त्यात प्रति प्रवासी सरासरी उत्पन्न १४५ रुपयांवरून ३६० रुपयांवर गेले. हा आदेशही कालावधी सुरू झाल्यावर सुमारे एक वर्षाने निघाला. आंतरराष्ट्रीय प्रवाशासाठी निघतानाचे शुल्क साधारण वर्गात ६५० आणि बिझनेस वर्गात ८१० रुपये ठरले.

जुने वाद अजून मिटलेले नाहीत. पहिल्या कालावधीच्या आरंभी मालमत्तेचे मूल्य कसे काढावे, या प्रश्नावर अपील न्यायाधिकरणाने जुलै २०२५ मध्ये विमानतळ चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००९ चा हिशेब सोळा वर्षांनंतरही मिटू नये, यातच या विषयाचे गांभीर्य आहे.

ग्राहकाने काय करावे?

दर ठरविण्यापूर्वी एराने विचारविनिमयपत्र प्रसिद्ध करणे, संबंधितांची बैठक घेणे आणि लेखी सूचना मागविणे अपेक्षित आहे. पारदर्शकता ही कायद्यातीलच अट आहे. या बैठकांना विमान कंपन्या आणि विमानतळ चालक तयारीनिशी येतात. शुल्क भरणारा प्रवासी बहुधा दिसत नाही. सूचना पाठविण्यासाठी वकील असण्याची गरज नाही. विचारविनिमयपत्र हाती आल्यावर तीन प्रश्न विचारावेत : मालमत्तेत नेमका कोणता खर्च धरला आहे? प्रवासीसंख्येचा अंदाज वास्तवाला धरून आहे काय? आणि मागील कालावधीची जुळणी किती वर्षांत विभागली आहे? पहिल्या दोन प्रश्नांवर तज्ज्ञ पुष्कळ बोलतात. तिसरा प्रश्न सहसा मागे पडतो; परंतु दिल्लीचा अनुभव पाहता, शुल्क कोणाच्या खिशातून जाणार हे ठरते ते बव्हंशी त्याच्याच उत्तराने.