गावाला जाताना दावणीचे काय?

माणूस गावाला निघाला की त्याला काय काय आठवते? भाकरी बांधली का, कुलूप लावले का, एस.टी.चे पैसे कमरेला आहेत का, चुलीतला विस्तव विझवला का. हे सगळे बघून पाय उंबऱ्याबाहेर पडतो, आणि मग आठवते. शेळीचे काय?

मग शेजारच्याला हाक मारायची. "जरा बघ रे आमच्या जित्राबाकडं." शेजारी म्हणतो, "जावा निवांत. मी हाय की." एवढ्यावर काम झाले असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो.

सन २०११ च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. भाचीचे लग्न सोलापूरला होते. तीन दिवस जाणे होते. घरी एक तांबडी शेळी होती, तिची दोन करडे होती. शेळी दिवसाला लिटरभर दूध देई. शेजारचा मुलगा बारा वर्षांचा, मोठा गुणी. त्याला आम्ही म्हटले, "पाणी पाज, आणि घाल काय ते खायला." आणि आम्ही गाडी धरली.

मुलाने पाणी पाजले. पाला टाकला. शेळी ओरडायची थांबेना. ती आम्हांला शोधत होती, पण पोराला वाटले तिला भूक लागली. त्याने मायेने आपल्या घरातली सूपभर ज्वारी आणून तिच्यापुढे ठेवली. शेळीने ती सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती उठेना. पोट तट्ट झाले. रवंथ बंद. दात खाऊ लागली, कण्हू लागली, पातळ हगू लागली. आम्ही तिसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा ती दावणीलाच मरून पडली होती. करडे तिला ढुसण्या देत होती.

तो मुलगा पंधरा दिवस आमच्या समोर आला नाही.

आता ज्वारीने शेळी का मेली, ते समजून घेऊ. शेळी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सगळ्यांत मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. पाला, गवत, कडबा कुजवून पचवायचे काम ते करतात. हे काम सावकाश चालते. दाणा मात्र भराभर आंबतो. थोडा दाणा असला तर त्रास नाही. एकदम पुष्कळ दाणा पडला, आणि त्याची सवय नसली, तर पोटात आम्ल फार तयार होते. ते बारीक जीव मरतात. अंगातले पाणी पोटात ओढले जाते. आम्ल रक्तात जाते. मग जनावर एकदोन दिवसांत दगावते. लग्नाचा उरलेला भात, चपात्या, गव्हाचे पीठ ह्यांनीही असेच होते. म्हणून जेवणावळीचे उरलेले पातेले शेळीपुढे ठेवू नये. दाण्याची सवय लावायची असेल तर दहा-पंधरा दिवस घेऊन, मूठमूठ वाढवत लावावी.

हे त्या पोराला कोणी सांगितले होते? कोणी नाही. ज्यांनी सांगायचे ते आम्ही, सोलापूरला पंगतीत बसलो होतो. आमच्या खिशात मोबाइल होता, पण पोराजवळ नंबर नव्हता. जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे असे त्याच्या मनात आले होते. पैसे कोण देणार, म्हणून तो गप्प बसला. हे त्याने आम्हांला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

शाळेत आम्ही इतकी वर्षे मुलांना निबंध शिकवले. पण शेळीसाठी चार ओळी लिहून ठेवाव्यात हे आम्हांला सुचले नाही. ते शिकवले आमच्या नातवाने.

नातू पुण्यास असतो. त्याने हॅमस्टर नावाचा प्राणी पाळला आहे. उंदरासारखा, पण शेपूट अगदी आखूड. आमच्या घरातून पहिला प्रश्न हाच झाला, "उंदीर पाळलाय होय रे?" हा प्राणी मूळचा सीरिया देशातला. सन १९३० मध्ये अलेप्पो शहराजवळ एक मादी आणि तिची पिले जमिनीतून खणून काढली. जगभर पाळले जाणारे ह्या जातीचे बहुतेक हॅमस्टर त्याच कुळातले आहेत. तर दिवाळीला नातू आमच्याकडे आला, तेव्हा त्याने हॅमस्टर शेजारच्या घरी ठेवला, आणि पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवली. तिचा फोटो त्याने आम्हांला दाखवला. चिठ्ठीत लिहिले होते:

"हा रात्री जागतो. दिवसा उठवू नका. संध्याकाळी एक चमचा दाणे घाला. वाटी लगेच रिकामी होईल. त्याने खाल्ले असे समजू नका. तो गालांच्या पिशव्यांत भरून नेतो आणि कोपऱ्यात साठवतो. पुन्हा भरू नका. पाण्याच्या बाटलीची नळी तुंबते, रोज बोट लावून पाहा. पिंजरा उन्हात ठेवू नका. जोडीला दुसरा ठेवू नका, भांडतील."

वाटी रिकामी दिसली तरी पुन्हा भरू नका. ही एक ओळ वाचून आम्हांला ते ज्वारीचे सूप आठवले. नऊ वर्षांच्या पोराला जे कळले होते ते आम्हांला कळले नव्हते. आपले जनावर आपल्याला माहीत असते. दुसऱ्याला ते माहीत नसते. तो फक्त रिकामी वाटी पाहतो.

तेव्हापासून आम्ही गावाला जाताना चिठ्ठी लिहितो. तो शेजारचा मुलगा आता कर्ता झाला आहे. आमची शेळी त्याच्याकडेच असते. तो चिठ्ठी खुंटीला अडकवतो, आणि आमच्या पाठीमागे खरोखर वाचतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आमच्या रात्रीच्या वर्गात दोघी जावा येतात. थोरलीला वारीला जायचे होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. जाऊन येऊन वीसेक दिवस धरावे लागतात. घरी एक दुभती गाय, दोन शेळ्या, पाच कोंबड्या आणि कुत्रा. थोरलीने चार रात्री बसून धाकटीसाठी चिठ्ठी लिहिली. आम्ही फक्त वेलांट्या पाहिल्या. शब्द तिचेच आहेत. तिची परवानगी घेऊन इथे देतो.

"चि. सौ. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. मी माउलींसंगं जाते. एकादशी झाली की बारशीला उपास सोडून गाडीला बसीन.

कपिलीची धार सकाळी ५ ला आन् संध्याकाळी ५ ला काढ. उशीर नको. तिच्या उजव्या अंगाला बस. डावीकडनं गेलं की लाथ मारती. मागच्या डाव्या सडाला दूध कमी येतं. ते पयल्यापासनं हाय, घाबरू नको. आधी चारी सडाच्या दोन-दोन धारा काळ्या वाटीत काढ. गाठी नायतर रगत दिसलं तर डाक्टर.

पाणी दिवसाला चार मोठ्या बादल्या. आंबोण निळ्या डब्यानं दीड डबा सकाळी, दीड डबा सांजच्याला. वरडली तरी जास्त नको.

शेळ्यांला पयल्या पावसाचं कवळं गवत उपाशीपोटी चारू नको. आधी वाळकी वैरण टाक, मग सोड.

कोंबड्या पाच. दिवेलागणीला मोजून कोंड. खुराड्याला दगड लाव, मुंगूस येतंय. तांबडी खुडूक हाय, वटपौर्णिमेला १३ अंडी घातल्यात तिच्याखाली. पंचमी-षष्ठीला पिल्लं निघतील. रोज एकदा उठवून दाणापाणी दे.

मोत्या दोन दिवस खायचा न्हाई. माझं जुनं लुगडं त्याच्या जागेवर टाकलंय, ते उचलू नको.

दुधातलं एक लिटर तुझ्या घरात ठेव. बाकी डेअरीला माझ्या नावावर घाल. वैरण कमी पडली तर त्या पैशातनं आण.

पुतण्या माझ्यासंगं हाय. त्याचा नंबर खाली लिवलाय. लागला न्हाई तर वाट बघू नको. १९६२ ला फोन कर. खर्च मी दीन. माझ्या परवानगीला थांबू नको."

ही चिठ्ठी पुन्हा एकदा वाचा. सावकाश वाचा. घाई नाही.

तिच्यात आम्हांला सगळ्यांत आवडलेले वाक्य कोणते, सांगू? "ते पयल्यापासनं हाय." जनावराचे नेहमीचे काय आणि आजचे नवीन काय, हे परक्या माणसाला ओळखता येत नाही. कमी दुधाचा सड, लंगडता पाय, जुनी खरूज, रात्रीचा खोकला हे आधी लिहून ठेवले, तर सांभाळणारा उगाच घाबरत नाही, आणि नवीन दुखणे चटकन त्याच्या ध्यानात येते.

दुसरे, मापे. "थोडं घाल" हे माप नव्हे. कोणाचे थोडे मूठभर असते, कोणाचे सूपभर. "निळ्या डब्यानं दीड डबा" हे माप. डबा घरातच ठेवून जावे. वैरणीचेही गणित करावे. गायीला रोज ५ किलो कडबा लागत असेल, तर २० दिवसांना १०० किलो झाला. वर दोन-तीन दिवसांचा जादा, कारण वारीची गाडी कधी वेळेवर मिळते? कडबा माळ्यावर असेल तर खाली काढून ठेवावा. परक्याच्या घरात माळ्यावर चढायला माणूस कचरतो.

धारेची वेळ का पाळायची? दूध कासेत तुंबले तर कास ताठते, दुखते, आणि दगडी होण्याची भीती असते. दगडी म्हणजे कासेची सूज. दुधात गाठी येतात, कास गरम लागते. वेळीच औषध झाले नाही तर सड कायमचा जातो. म्हणून पहिल्या धारा काळ्या वाटीत पाहायच्या. पांढऱ्या गाठी काळ्यावर ठळक दिसतात.

पावसाच्या सुरुवातीच्या कोवळ्या गवताचेही तसेच. उपाशी शेळीने ते अधाशासारखे खाल्ले की पोट फुगते. ह्याच दिवसांत आंत्रविषार हा रोगही येतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी लागते. निघायच्या दिवशी टोचून उपयोग नाही, लस अंगी लागायला काही दिवस जावे लागतात.

१९६२ हा महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याचा फुकट फोन आहे. फिरत्या दवाखान्यासाठी तो लावतात. गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला असेल तर तो आकडाही चिठ्ठीत लिहावा.

एक गोष्ट थोरलीने चिठ्ठीत लिहिली नाही, पण केली. निघायच्या आधी चार दिवस तिने धाकटीलाच धार काढायला बसवले, आणि स्वतः शेजारी उभी राहिली. परका हात लागला की गाय बुजते आणि पान्हा चोरते. तो हात आधी ओळखीचा करून द्यावा लागतो.

मोबदल्याचे बोलणे आधी करावे. दोघी जावांचे सावडीचे आहे. धाकटी श्रावणात माहेरी गेली की तिची दावण थोरली सांभाळते. ज्याला अशी सावड नाही त्याने रोज ठरवून द्यावा, किंवा दूध द्यावे. फुकट करून घेतलेले काम फुकटासारखेच होते, असे आमचे मत आहे. पुष्कळांना ते पटत नाही.

थोरली परत आली तेव्हा चिठ्ठी खुंटीलाच होती. पाठीमागचा कोरा भाग धाकटीने भरून टाकला होता. अक्षर वेडेवाकडे, पण वाचता येते. तेही देतो.

"दिवस २. मोत्या जेवला न्हाई.
दिवस ३. मोत्या अर्धी भाकरी.
दिवस ९. वाळकी वैरण निम्मी झाली.
पिल्लं ९.
दिवस १२. कपिलीच्या उजव्या म्होरल्या सडाला गाठी. फोन लागला न्हाई. १९६२ केला. डाक्टर आला. सुई दिली. डाक्टर म्हनला सांगीन तवर दूध घालायचं न्हाई. घातलं न्हाई.
दिवस १६. गाठी न्हाईत. सड मऊ.
दिवस १७. डाक्टरला इचारलं. दूध घातलं.
पिल्लं ८. एक घारीनं नेलं. आक्का रागवू नगा."

पुढचे पान कोरे ठेवले आहे. आपल्या घरी जे जनावर असेल त्याची चिठ्ठी त्यावर लिहा. आधी त्याचे नाव लिहा. मग ते रोज किती खाते, किती पिते ते मोजून लिहा. अंदाजाने लिहू नका. उद्या सकाळी बादली घेऊन मोजा, आणि मग लिहा.