राग पोटात ठेवू नकोस, बाय

बाय, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मला एवढा राग येतो, म्हणजे माझा विश्वासच कच्चा." हे आधी डोक्यातून काढून टाक. मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघड. शब्बाथाचा दिवस, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस, आणि येशू त्याला बरं करतो की काय म्हणून टपून बसलेले लोक. त्यांची ती कठोर मनं पाहून येशूला राग आला आणि वाईटही वाटलं, असं मार्कानं सरळ लिहून ठेवलंय. पण त्या रागात प्रभूनं काय केलं? त्या माणसाचा हात बरा केला. राग येणं हे पाप नाही गं. आल्यावर तू काय करतेस, तेवढं बघायचं.

आणि तुझा राग येतो कुठून, तेही बघ. 22 जुलै 2021 ला महाड पाण्यात गेलं आणि त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून पावसानं जोर धरला की तालुक्यात धड झोप कुणाला लागते? नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला, तू नाते गावातल्या घरात पोराला कुशीत घेऊन पत्र्यावरचा पाऊस ऐकत जागी. सकाळी सासूबाई म्हणतात, भाकरी जाड झाली, आणि तुझ्या हातून परात आपटली जाते. तो राग भाकरीचा नाहीच. रात्रभर न लागलेल्या झोपेचा आहे.

म्हणून मला एलीयाची गोष्ट फार जवळची वाटते. थकून, घाबरून तो रानात झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. तो जेवला, पुन्हा झोपला. मग दुसऱ्यांदा उठवून त्याला खायला घातलं. बाकीचं बोलणं त्यानंतर, पुढे डोंगरावर. तूही पोर शाळेत गेलं की तासभर आडवी हो. भांडी पडू देत.

राग डोक्यात चढला, छाती धडधडायला लागली की तोंड उघडू नकोस. ओटीवर ये, श्वास सावकाश घे आणि त्याहून सावकाश सोड. मग देवाशी बोल, आणि गुळगुळीत बोलू नकोस. तेरावं स्तोत्र वाच, ते सुरूच तक्रारीनं होतं. देवाला आपली तक्रार ऐकव, जे मनात असेल ते तसंच.

पण तिथंच थांबू नकोस. पौलानं इफिसकरांना बजावलंय की सूर्य मावळेपर्यंत राग धरून बसू नका. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो, ज्याच्याशी बिनसलं त्याला एकांतात गाठ. शेजारणीला आधी सांगितलंस की गोष्ट वाढलीच म्हणून समज. सासूबाई भाजी निवडत बसल्या असतील तेव्हा जवळ बस आणि म्हण, "आई, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज भाकऱ्या तुम्ही थापाल का?" एवढं पुरे. गिळून टाकलेला राग म्हणजे क्षमा नव्हे, तो कधीतरी पोरावर निघतो.

आणि स्वभाव एका प्रार्थनेत बदलत नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. पण 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी टिळकांचा तापटपणा झाकला नाही, आणि त्यांच्यावरची मायाही झाकली नाही. इतक्या मोठ्या भक्ताचं हे, तर तू एका परातीवरून का खचतेस?

एक मात्र नीट ऐक. घरात कुणीही हात उगारला, तर ते सोसणं म्हणजे ख्रिस्ती क्षमा नव्हे. लगेच मला कळव, 181 ला फोन कर. आणि पाऊस ओसरल्यावरही झोप येईना, खाण्यावरची वासना गेली, सारखं रडू यायला लागलं, तर डॉक्टरकडे जायचं. सरकारचा टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लाव, मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांची प्रार्थनाही हवी आणि डॉक्टरही हवा, त्यात विश्वास कमी पडत नाही.

येत्या शनिवारी पोराला घेऊन दोन दिवस इकडे ये. तुझ्या नवऱ्याशी मी बोलते.