राखणीच्या पिल्लाचे पहिले तीन महिने

खळ्याच्या वा मेंढवाड्याच्या राखणीसाठी आणलेले कुत्र्याचे पिल्लू प्रथम साखळीने कोपऱ्यात बांधण्याची रीत पुष्कळ गावी आढळते. त्यायोगे कुत्रे 'तिखट' होते असा समज आहे. वस्तुतः ते भित्रे होते, आणि भेदरलेले कुत्रे ओळखीच्या माणसासही चावते.

वयाच्या ३ ऱ्या आठवड्यापासून सुमारे १४ व्या आठवड्यापर्यंत पिल्लास ज्यांची सवय होते, त्यांना ते पुढे आपले मानते. तथापि ८ आठवड्यांचे होईतो त्यास आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच दात किती लावावा हे ते शिकते. घरी आणल्यावर कोकरांच्या सान्निध्यात ठेवावे, परंतु नजरेआड नव्हे. मेंढीची एक जबर धडक बसली तरी पिल्लू कळपास धास्तावते. मुलांचा स्पर्श, बैलगाडी, ट्रॅक्टरचा आवाज यांची ओळख बेताबेताने द्यावी. कोकरामागे धावल्यास तत्काळ हाक मारावी व परतताच भाकरीचा तुकडा द्यावा. मागाहून दिलेला मार कशासाठी, हे त्यास उमगत नाही. आपण मात्र शिस्त लावल्याच्या समाधानात असतो.

३ महिने पूर्ण होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात पिसाळरोगाची (रेबीज) लस टोचून घ्यावी. ग्रामसेवकांनी तो दिवस पालकास लिहून द्यावा. तोवर पिल्लास भटक्या कुत्र्यांत सोडू नये. पिल्लू चावले वा त्याचा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, तीत हळद, चुना वा मिरची भरू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.