सॉनासाठी जादा पैसे मोजण्याआधी

‘सॉना हृदयाला चांगला’ असं सांगून जिमवाले वरच्या दराची मेंबरशिप गळ्यात मारतात. या दाव्याला आधार आहे, पण तो फिनलंडचा. कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे २० वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०१५ साली निष्कर्ष छापून आले. आठवड्यातून एकदाच सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात, सॉनामुळेच ते वाचले असं यातून सिद्ध होत नाही. मुळात तब्येत धड असलेला माणूसच रोज तसल्या धगीत बसणार!

मेख आहे ती ‘चार ते सात वेळा’ यात. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आणि सॉना सुमारे ३० लाख. तिथे तो घरात किंवा इमारतीतच असतो. आपल्याकडे एका वेळचे ५०० रुपये धरले, तरी आठवड्याला चार वेळांचे महिन्याला आठ हजारांवर जातात. मेंबरशिप घ्यायचीच, तर वार्षिक फीला तुम्ही खरोखर जाल तेवढ्या दिवसांनी भागून पाहा. जिमवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. पावतीवर तोच लागलाय ना, बघा.

पैसे भरण्याआधी आतला थर्मामीटर वाचा. त्या अभ्यासातले सॉना कोरडे, सरासरी ७९ अंशांचे होते. वाफेची खोली ४०-५० अंशांची असते. तिला ते आकडे लावता येत नाहीत.

घरी बसवायचा विचार असेल, तर ६ किलोवॅटचा हीटर २६ अँपिअर खेचतो. म्हणजे वेगळी वायरिंग आणि बहुधा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागणार. दीड तासाला नऊ युनिटपर्यंत वीज जाते. आठवड्याला चार वेळा म्हणजे महिन्याला दीडशे युनिट. त्यानं बिलाचा टप्पा वर सरकला, तर दरही चढतो.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, बसल्या बसल्या छातीत दुखणाऱ्यांनी किंवा हृदयाची झडप फार आकसलेल्यांनी सॉनात जाऊच नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि उठताना सावकाश उठा. दारू पिऊन कुणीच आत बसू नये.

जिममध्ये सॉना आयता मिळत असेल तर जरूर वापरा. निव्वळ हृदयासाठी जादा पैसे मात्र भरू नका. रोज अर्धा तास भरभर चालायला फी लागत नाही.