अपयशाची वाट आधी वाचावी

ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मेमरीविषयक कोडमधील फेरफार तपासण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याने कोड जिथे अडतो ती वाट प्रथम वाचावी, असे मी अनुभवांती आग्रहाने सांगू लागलो आहे. कारण सुरळीत वाट रोजच्या वापरात आपोआप तपासली जाते, परंतु मेमरी अपुरी पडल्यावर काय घडते याची परीक्षा बहुधा वापरणाऱ्याच्याच यंत्रावर होते.

लिनक्स कर्नलमधील टीटीएम या मेमरी-व्यवस्थापकाचे बफर सिद्ध करणारे फंक्शन असफल झाले, तर हाती दिलेला बफर ते स्वतःच, सोबतच्या 'डिस्ट्रॉय' फंक्शनकरवी, मोकळा करते. माझ्याकडे तपासणीस आलेल्या एका पॅचमध्ये, ठिकठिकाणची पुनरावृत्ती काढून एक नेटके सामायिक फंक्शन रचताना, एरवी अत्यंत दक्ष अशा लेखकाने अपयशाच्या वाटेवर मेमरी मोकळी करणाऱ्या 'केफ्री'ची ओळ सद्हेतूने घातली होती, आणि त्यामुळे तीच मेमरी दोनदा मोकळी होत होती. अशी ओळ काळजीपूर्वक लिहिलेली दिसते, म्हणूनच ती तपासनिसाच्या नजरेतून सुटते.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. कर्नलमधील काही फंक्शने अपयश 'नल' देऊन कळवतात, तर काही पॉइंटरच्याच रूपात त्रुटीचा क्रमांक परत करतात. फेरफारात पहिल्याच्या जागी दुसरे आले आणि 'नल आहे काय' ही जुनी पृच्छा तशीच राहिली, तर मेमरी संपल्याचा उणे १२ हा आकडाच खरा पत्ता समजून पुढे वापरला जातो. ६४-बिट यंत्राच्या क्रॅश-नोंदीत पंधरा एफ आणि अखेरीस ४ असा पत्ता आढळला, की माझा पहिला संशय येथेच जातो.

तेव्हा, बदललेल्या प्रत्येक फंक्शनविषयी विचारावे, की अपयशानंतर वस्तूची मालकी कोणाकडे राहते. 'गोटू'च्या खुणा घेतलेली साधने उलट क्रमाने सोडतात काय. मधल्या वाटेने बाहेर पडताना 'रेट' या परतीच्या मूल्यात चुकून यशाचे शून्य तर उरत नाही. आणि सिग्नलमुळे प्रतीक्षा खंडित झाल्याचा 'ईरीस्टार्टसिस' हा निरोप वर जसाच्या तसा पोचतो, की कोणी त्याला 'मेमरी नाही' असे परस्पर ठरवून टाकले आहे. वाचनाची रुजुवात घालण्यासाठी कर्नलमधील 'फेलस्लॅब' ही सोय वापरून मेमरीच्या मागण्या मुद्दाम नाकाराव्यात व सोबत मेमरीचा गैरवापर पकडणारे 'केसॅन' चालू ठेवावे.

'वर्तनात बदल नाही' असा शेरा पॅचवर असला, तरी त्याचा दाखला अपयशाच्या वाटांवरूनच मागावा. आणि रचनेचा बदल व जुन्या दोषाची दुरुस्ती एकाच पॅचमध्ये आढळली, तर ती दोन्ही वेगळी करून मागण्यात तपासनिसाने संकोच बाळगू नये.